ॲश्टन फिरता पूल, ब्रिस्टल

ॲश्टन फिरता पूल : इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील ब्रिस्टल शहरात एव्हन नदीच्या ‘न्यू कट’ या मानवनिर्मित पात्रावर बांधलेला, मूळचा दुमजली फिरता पूल. वरच्या मजल्यावर सार्वजनिक रस्ता व खालच्या मजल्यावर दुहेरी लोहमार्ग अशी त्याची रचना होती. ऑक्टोबर १९०६ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. त्याची एकूण लांबी सु. १७७ मी. असून त्यांपैकी सु. ६२ मी. लांबीचा गाळा आडवा फिरून जहाजांना वाट देई. या फिरत्या भागाचे वजन सु. १,००० टन होते. शेवटच्या वेळी तो १९३४ मध्ये फिरविण्यात आला. म्हणजे फिरता पूल म्हणून त्याचे आयुष्य अवघे २८ वर्षांचे ठरले. त्यानंतर नऊ दशकांहून अधिक काळ तो स्थिर पूल म्हणून उभा आहे. त्यामुळे या पुलाचा अभ्यास करताना तो कसा फिरत होता हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच तो फिरायचा का थांबला हाही महत्त्वाचा ठरतो.

नौकानयनास योग्य अशा नदीवर पूल बांधताना जहाजांच्या डोलकाठ्या व धुराडी यांच्यासाठी पुरेशी उंची ठेवावी लागते. रस्त्याच्या बाबतीत चढ देऊन ही उंची काही प्रमाणात साधता येते. लोहमार्गाचे तसे नाही. मालगाडीला शंभर मीटरला एक मीटर चढदेखील जड जातो. म्हणून पूल दहा मीटर उंच करावयाचा तर दोन्ही बाजूंस सु. एक एक किमी. लांबीचे चढते भराव घालावे लागतात. बंदरातील धक्के आणि मालगाड्यांचे फाटे नदीकाठच्या पातळीवर व पुलापासून काहीशे मीटरच्या आतच असतील, तर उंच पूल अशक्यच होतो. अशा ठिकाणी पूल खालच्या पातळीवर बांधून त्याचा एक गाळा हलता ठेवणे हाच मार्ग उरतो. हलता गाळा बिजागरीभोवती वर उघडणारा असेल, सरळ वर उचलला जाणारा असेल किंवा मध्यवर्ती आधाराभोवती क्षितिजसमांतर पातळीत फिरणारा असेल. भारतीय वाचकास परिचित असलेला रामेश्वरजवळील जुना पांबन पूल (१९१४) पहिल्या प्रकारचा होता. त्याच्या जागी २०२५ मध्ये सुरू झालेला नवा पूल दुसऱ्या प्रकारचा आहे. कोलकात्याच्या हुगळी नदीवर १८७४ मध्ये बांधलेल्या तरत्या पुलाचा मधला भाग जहाजांसाठी बाजूला काढला जाई, तीही याच गरजेतून निघालेली एक वेगळी तोड होती. ॲश्टन पूल तिसऱ्या, म्हणजे फिरत्या प्रकारात मोडतो.

नदी व बंदर : या पुलाची गरज समजण्यासाठी ब्रिस्टल बंदराची रचना प्रथम ध्यानात घ्यावी लागते. राजा राममोहन रॉय यांचे निधन झालेले (१८३३) शहर म्हणून ब्रिस्टलचे नाव भारतात परिचित आहे. ते समुद्रकाठी नसून समुद्रापासून बरेच आत, अरुंद व नागमोडी एव्हन नदीवर वसलेले आहे. ही नदी ज्या सेव्हर्न खाडीस मिळते, त्या खाडीतील भरती-ओहोटी जगातील सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक आहे. एव्हनच्या मुखाशी उधाणाच्या वेळी भरतीची व ओहोटीची पातळी यांत बारा मी.हून अधिक अंतर पडते. मुंबईस हे अंतर उधाणातही पाच मी.च्या आसपास असते, यावरून या फरकाची कल्पना यावी. भरतीला तरंगणारी जहाजे ओहोटीला चिखलात टेकत व कधी कधी कलंडत. नदीच्या वळणावर मोठे जहाज अडकले आणि पाणी उतरू लागले, तर ते मधोमध लटकून मोडण्याचा धोका असे. १८५१ मध्ये डेमेरारा या आगबोटीवर असाच प्रसंग ओढवला होता.

यावर उपाय म्हणून विल्यम जेसप या अभियंत्याच्या योजनेनुसार १८०४ ते १८०९ या काळात नदीचे शहरातील मूळ पात्र दोन्ही टोकांस बांध व जलपाश घालून बंद करण्यात आले. त्यामुळे तेथे पाण्याची पातळी कायम राहू लागली व जहाजे अहोरात्र तरंगती राहू लागली; म्हणूनच त्यास ‘फ्लोटिंग हार्बर’ असे नाव पडले. भरती-ओहोटीच्या पाण्यास मात्र कोठून तरी वाट हवी होती. ती शहराच्या दक्षिणेस सु. तीन किमी. लांबीचे नवे पात्र खणून देण्यात आली. हाच न्यू कट होय. म्हणजे ज्यावर ॲश्टन पूल उभा आहे, ती नदीच. परंतु माणसाने हलविलेली नदी आहे. या नव्या पात्रातूनही जहाजे ये-जा करीत. पात्राच्या मध्यावर असलेल्या बॅथर्स्ट बेसिन या लहान गोदीस न्यू कटच्या बाजूने जलपाशाचे प्रवेशद्वार होते. भरतीच्या वेळी किनारी व्यापाराची जहाजे त्यातून बंदरात शिरू शकत. पश्चिमेकडील मोठे प्रवेशद्वार कंबरलंड बेसिन येथे होते. ॲश्टन पूल या दोहोंच्या मध्ये येत असल्याने बॅथर्स्ट बेसिनकडे व त्याच्याही वर जाणाऱ्या प्रत्येक उंच जहाजाच्या वाटेत तो आडवा येणार, हे उघड होते.

लोहमार्गाचा प्रवेश : लंडन-ब्रिस्टल लोहमार्ग १८४१ मध्ये पूर्ण झाला, पण त्याचे टेंपल मीड्स हे स्थानक बंदराच्या धक्क्यांपासून दूर होते. जहाजातून उतरलेला माल घोडागाड्यांतून स्थानकापर्यंत न्यावा लागे. १८७२ मध्ये बंदराचा खास लोहमार्ग सुरू झाला. तो सेंट मेरी रेडक्लिफ या विख्यात चर्चच्या आवाराखालून बोगद्याने जाई व बॅथर्स्ट बेसिनचे तोंड वाफेवर चालणाऱ्या उघडत्या पुलाने ओलांडी. १८७६ मध्ये तो वॉपिंग धक्क्यापर्यंत वाढविण्यात आला. हा सर्व मार्ग गजबजलेल्या शहरातून आणि पूर्वेकडूनच येणारा होता. पश्चिमेकडून, म्हणजे नदीच्या दक्षिण तीरावरील पोर्टिसहेड फाट्यावरून, बंदराच्या दोन्ही तीरांस थेट पोहोचणारा दुसरा मार्ग असावा ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. त्याच सुमारास दक्षिणेकडील बेडमिन्स्टर व ॲश्टन या भागांत कारखाने व कामगारांची वस्ती झपाट्याने वाढत होती आणि कंबरलंड बेसिनच्या परिसरात तंबाखूची प्रचंड गोदामे उभी राहत होती. शहरास नवा रस्ता हवा होता, तर ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीस नवा लोहमार्ग. दोन स्वतंत्र पूल बांधण्याऐवजी नगरपालिका व रेल्वे कंपनी यांनी खर्चाची वाटणी करून एकच दुमजली पूल बांधला. त्यास सु. ७०,००० पौंड खर्च आला. लोहमार्ग पुलावरून उत्तरेस येऊन एका शाखेने वॉपिंग धक्क्याकडे व दुसऱ्या शाखेने कॅनन्स मार्श येथील नव्या मालस्थानकाकडे जाई.

रचना व कार्य : दुमजली पुलाचा गाळा फिरता ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. ॲश्टन पुलाचे मुख्य अंग म्हणजे दोन बाजूंस उभ्या असलेल्या पोलादी कैच्या. कैची म्हणजे उभ्या, आडव्या व तिरप्या दांड्यांची त्रिकोणांत बांधलेली खोल तुळई. या दोन कैच्यांच्या मधून, तळाशी, आगगाड्या धावत. कैच्यांच्या माथ्यावर रस्ता होता. या मांडणीचा लाभ असा की, रस्त्यासाठी जी उंची हवीच होती, तीच कैचीची खोली म्हणून उपयोगी पडली व पूल ताठ झाला.

पूल बंद असताना फिरता गाळा मधल्या खांबावर व दोन्ही टोकांस असलेल्या आधारांवर टेकलेला असतो. तो उघडला की, टोकांचे आधार सुटतात व दोन्ही भुजा मधल्या खांबावरून तराजूच्या दांडीप्रमाणे अधांतरी राहतात. बंद अवस्थेत गाडीच्या भाराखाली कैचीच्या तळाच्या दांड्या मुख्यतः ताणल्या जातात, तर वरच्या दाबल्या जातात. उघड्या अवस्थेत हे नेमके उलट होते. एकाच दांडीने दिवसातून अनेकदा ताण व दाब हे दोन्ही सोसावयाचे, ही फिरत्या पुलाच्या अभिकल्पातील खरी कसोटी असते. स्थिर पुलाहून त्यास अधिक पोलाद लागते ते यामुळेच. शिवाय अधांतरी भुजांची टोके स्वतःच्या वजनाने किंचित खाली झुकतात. पूल पुन्हा बंद करताना ती टोके उचलून त्यांखाली पाचरी सरकवाव्या लागतात. हे न केल्यास एका भुजेवर गाडी आली असता दुसऱ्या भुजेचे टोक उचलले जाण्याचा संभव असतो. रस्त्याच्या पुलाला अर्धा सेंमी. उंचवटा चालून जातो. लोहमार्गाला तो चालत नाही. दोन्ही बाजूंचे रूळ उंचीत व रेषेत तंतोतंत जुळावे लागतात. उन्हाने पोलाद प्रसरण पावते, त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी ही जुळणी अधिक किचकट होते.

पूल जलदाबाने फिरविला जाई. दाबाखालील पाणी नळांतून दूरवर नेऊन त्याच्या जोरावर यंत्रे चालविण्याची ही पद्धती विल्यम आर्मस्ट्राँग या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केली. पंपाने वर चढविलेले वजनदार ओझे पाण्यावर सतत दाब देत राहते. यंत्र चालू करताच साठलेली ही शक्ती क्षणात उपलब्ध होते. पूल दिवसभरात काही मिनिटेच फिरत असल्याने त्याच्यासाठी स्वतंत्र वाफेचे एंजिन सतत तापत ठेवणे परवडणारे नव्हते. साठविलेला दाब मात्र हवा तेव्हा वापरता येई. ब्रिस्टल बंदरात अंडरफॉल यार्ड येथे १८८०–९० या दशकाच्या अखेरीस यासाठी खास यंत्रघर बांधण्यात आले होते. बंदरातील जलपाशांची दारे, याऱ्या व पूल अशा जलदाबाच्या व्यवस्थेवर चालत. तेथील वाफेचे पंप काढून १९०७ मध्ये विजेचे पंप बसविण्यात आले. पुलाचे नियंत्रण एका उंच खोलीतून केले जाई. ही खोली वरच्या मजल्यावरील रस्त्याच्याही वर, कमानीसारख्या सांगाड्यावर बांधलेली होती व तिच्याखालून वाहने जात. त्यामुळे चालकाला वरून रस्ता आणि नदीचा दोन्ही बाजूंचा लांबवरचा भाग एकाच वेळी दिसे. त्या काळच्या छायाचित्रांत पुलाला जे विलक्षण, काहीसे जहाजाच्या कप्तानकक्षासारखे रूप दिसते, ते या खोलीमुळे.

अशा पुलावर सर्वांत मोठा धोका यंत्र बिघडण्याचा नसून पूल उघडा असताना गाडी येण्याचा असतो. त्यासाठी ब्रिटिश लोहमार्गांवर सिग्नल व पुलाचे अडसर यांची यांत्रिक सांगड, म्हणजे इंटरलॉकिंग, घालण्याची पद्धती रूढ झाली. सिग्नल धोक्याचा दाखवीत नसेल, तर पुलाचा अडसर निघत नाही. आणि अडसर पूर्ण बसल्याखेरीज सिग्नल उतरत नाही. माणसाच्या सावधपणावर न विसंबता चूक करणेच अशक्य करावे, हे तत्त्व यामागे आहे.

भरती व वेळापत्रक : पुलाच्या दैनंदिन कामातील खरी अडचण यांत्रिक नव्हती, ती काळाची होती. न्यू कटमध्ये पुरेसे पाणी भरतीच्या आगेमागे काही काळच असे. जहाजांना तेवढ्याच अवधीत पुलाखालून जावे लागे. थांबले तर पुढच्या भरतीपर्यंत सु. साडेबारा तास खोळंबा होई आणि ओहोटीचा चिखल खाली वाट पाहतच असे. भरतीची वेळ मात्र रोज सु. ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला असलेली भरती आठवड्याने दुपारी दोनच्या सुमारास गेलेली असते. आगगाड्यांचे वेळापत्रक ठरलेले, कारखान्यांचे भोंगे ठरलेले, समुद्राचे वेळापत्रक मात्र चंद्रावर अवलंबून. सुरुवातीच्या वर्षांत पूल दिवसाला सरासरी दहा वेळा उघडला जाई. उघडण्याच्या या खेपा दिवसभर विखुरलेल्या नसून मुख्यतः भरतीच्या भोवती एकवटणार, हे लक्षात घेतले म्हणजे मालगाड्यांच्या शंटिंगवर व कामावर जाणाऱ्या लोकांवर त्याचा किती ताण पडत असावा याची कल्पना येते.

या त्रिकोणात अग्रक्रम जहाजाचा होता. इंग्लंडमध्ये भरतीच्या नदीतून नौकानयन करणे हा सर्वांचा जुना हक्क मानला जातो व त्यात अडथळा आणणारा पूल संसदेच्या कायद्याखेरीज बांधता येत नाही. ॲश्टन पुलावरही जहाजांसाठी उघडण्याचे कायदेशीर बंधन होते. रस्ता व लोहमार्ग हे या नदीवर नंतर आलेले पाहुणे होते. पुलाची सारी खर्चिक यंत्रणा ही एका अर्थी त्या जुन्या हक्काची किंमतच होय. ती रेल्वे कंपनी व शहर या दोघांनी मोजली.

ऱ्हास : ही किंमत मोजली जात असतानाच त्या हक्काचा आधार निसटू लागला होता. वाढत्या आकाराच्या आगबोटींना नागमोडी एव्हनमधून शहरापर्यंत येणे अवघड झाले होते. नदीच्या मुखाशी एव्हनमथ येथे १८७७ मध्ये व जवळच पोर्टिसहेड येथे १८७९ मध्ये गोद्या सुरू झाल्या होत्या आणि पूल खुला झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये, एव्हनमथ येथे रॉयल एडवर्ड ही मोठी गोदी उघडण्यात आली. एकाच नगरपालिकेने शहरातील बंदराचे लोहमार्ग सुधारण्यास हातभार लावावा व त्याच वेळी व्यापार तेथून काढून नेणारी गोदी बांधावी, हे आज विसंगत वाटते. तथापि तत्कालीन व्यवहाराकडे पाहता त्यात तितकीशी विसंगती नाही. परदेशी मोठ्या जहाजांचा माल नदीमुखाशी उतरावा आणि शहरातील बंदर लहान जहाजांच्या व लोहमार्गाच्या देवघेवीवर चालावे, अशी ती विभागणी होती. आणि ती काही दशके टिकलीही. या विभागणीत न्यू कटच्या वरच्या भागास मात्र स्थान उरले नाही. तेथील जहाजे कमी होत गेली व १९३४ नंतर पूल फिरला नाही. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्याने बॅथर्स्ट बेसिनचा जलपाश फुटून सारे बंदर रिकामे होईल, या भीतीने ते प्रवेशद्वार बुजविण्यात आले. ते पुन्हा जहाजांसाठी उघडले गेले नाही. तरीही कायद्याने पूल फिरताच होता. उघडण्याचे बंधन १९५१ मध्ये रद्द झाले, म्हणजे यंत्र थांबल्यानंतर सतरा वर्षांनी.

यानंतर पुलाचे एकेक अंग गळत गेले. १९६५ मध्ये कंबरलंड बेसिनवरील नवी रस्तेव्यवस्था सुरू झाली व तिच्यातील प्लिम्सॉल पुलामुळे जुन्या रस्त्याची गरज संपली. वरचा मजला व नियंत्रणकक्ष दोन्ही काढून टाकण्यात आले. देखभालीच्या दृष्टीने तो निर्णय समर्थनीय असला, तरी त्यामुळे पुलाची ओळखच हरवली, हे नमूद केले पाहिजे. आज पाहणाऱ्यास हा एक साधा पोलादी पूल वाटतो. माथ्यावर काहीच नसताना कैच्या इतक्या खोल का, याचा उलगडा त्यास होत नाही. त्याच वर्षी कॅनन्स मार्शचे मालस्थानक बंद झाले. शहरातील बंदर १९७५ मध्ये व्यापारी जहाजांसाठी बंद करण्यात आले. टेंपल मीड्सकडील जुना दुवा आधीच तुटला असल्याने वॉपिंग धक्क्यावरील कोळसा आगाराकडे जाणाऱ्या गाड्या मात्र ॲश्टन पुलावरूनच, एकेरी मार्गाने, १९८७ पर्यंत जात राहिल्या. ज्या बंदरासाठी लोहमार्ग आणला, ते बंद झाल्यावरही तो बारा वर्षे चालला; फरक इतकाच की, कोळसा आता जहाजात चढत नव्हता, शहरातील घरांकडे जात होता.

लोहमार्ग संपल्यावर पादचारी व सायकलस्वार पुलाचा वापर करीत राहिले. ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत त्याची दुसऱ्या श्रेणीत नोंद झालेली आहे. केवळ या नोंदीमुळे तो वाचला असे म्हणता येणार नाही. गंजत जाणारे पोलाद यादीत नाव आहे म्हणून टिकत नाही. शहराच्या जलद बससेवेसाठी नदी ओलांडण्यास तयार जागा हवी होती व ती या पुलाने दिली. व्यापक दुरुस्तीनंतर सप्टेंबर २०१८ पासून या सेवेच्या बसगाड्या पूर्वीच्या लोहमार्गाच्या पातळीवरून, पादचारी व सायकलस्वारांच्या वाटेशेजारून, धावू लागल्या. आगगाडीच्या वजनासाठी बांधलेल्या कैच्यांना बसचा भार हलकाच आहे.

ब्रिस्टलमधील फिरत्या पुलांची परंपरा मात्र खंडित झालेली नाही. इझंबार्ड किंगडम ब्रूनेल याने कंबरलंड बेसिनच्या जलपाशासाठी १८४९ मध्ये बांधलेला घडीव लोखंडाचा फिरता पूल तेथे जतन केलेला आहे, व ज्या प्लिम्सॉल पुलाने ॲश्टन पुलाचा वरचा रस्ता निरुपयोगी केला, तो स्वतःच फिरता पूल असून बंदरात येणाऱ्या उंच नौकांसाठी अद्यापि वाहतूक थांबवून फिरविला जातो. पूर्वी जलपाशांना व याऱ्यांना शक्ती पुरविणारे अंडरफॉल यार्डमधील यंत्रघरही टिकून आहे.